कोंढवा ते मालाड: 71 तास

2019 साली पाऊस उशिरा आला. मुंबईत तो 25 जूनला पोचला आणि तीनच दिवसांत, 28 जूनला, सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटरहून जास्त कोसळला. त्या रात्रीपासून मंगळवारच्या पहाटेपर्यंत पुणे, कल्याण आणि मुंबई इथे चार भिंती पडल्या. पन्नासहून अधिक माणसं गेली आणि त्यातली बहुतेक झोपेत होती.

हा त्या तासांचा घटनाक्रम आहे. उतारावर घर बांधणाऱ्या, टेकडी कापून उभ्या राहिलेल्या सोसायटीत राहणाऱ्या, परसात भराव टाकून अंगण वाढवणाऱ्या प्रत्येकासाठी तो लिहिला आहे. मातीला अडवणाऱ्या भिंतीकडून काय अपेक्षा ठेवायची आणि बांधणाऱ्याकडे काय मागायचं, हे या 71 तासांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

शुक्रवार, 28 जून, संध्याकाळ. कोंढवा, पुणे

मोसमातला पहिला जोरदार पाऊस. वरच्या अंगाला राहत्या इमारती आणि त्यांच्या गाड्या लावायची जागा. कडेला भिंत. भिंतीच्या खालच्या बाजूला नव्या इमारतीच्या बांधकामाची जागा आणि भिंतीला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. पुण्यात वाढत्या वस्तीत असं दृश्य कुठल्याही रस्त्याला सापडेल. मजुरांना भिंतीचा आडोसा सोयीचा वाटतो, ठेकेदाराला ती जागा मोकळी वाटते, आणि वरच्या रहिवाशांच्या नजरेला ती पडतही नाही.

उन्हाळाभर तापलेली माती या वेळी पाणी पीत असते. तिला भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्या सरींचं पाणी त्या भेगांतून थेट खोल उतरतं. भिंतीच्या माथ्याला लागून फरसबंदी आणि माती यांच्यात बोटभर फट असेल, तर अंगणातलं सगळं पाणी तिथूनच भिंतीमागे जातं. बाहेरून भिंत कोरडी आणि शहाण्यासारखी उभी दिसते.

शुक्रवार रात्र, शेवटचे काही तास

इथे थोडं गणित करायलाच हवं, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे.

तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट उंचीची भिंत घ्या. मागे बऱ्यापैकी मुरमाड भराव आहे आणि तो कोरडा आहे. ही माती भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे पावणेतीन टनांनी बाहेर ढकलत असते. भिंत त्यासाठी बांधलेली असेल तर ती आयुष्यभर हा भार सहन करते. आता त्याच भरावात माथ्यापर्यंत पाणी साठू द्या. पाण्याचा स्वतःचा रेटा साडेचार टनांच्या आसपास जातो. बुडालेल्या मातीचा रेटा जवळपास निम्मा होतो, पण दोन्ही मिळून आकडा सहा टनांवर पोचतो. भिंत तीच, माती तीच, आणि बोजा दुपटीहून जास्त. वर गाड्या उभ्या असतील तर आणखी एखादा टन.

उंचीचा हिशेब याहून कठोर आहे. तीन मीटरच्या जागी सहा मीटर केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि भिंतीला मुळापासून उलथवण्याची ताकद आठपट. म्हणून ‘आहे त्याच भिंतीवर अजून चार फूट चढवू, वर अंगण रुंद होईल’ हे वाक्य ऐकलं की काळजाचा ठोका चुकायला हवा. आधीच्या पायाने त्या चार फुटांची तयारी कधीच केलेली नसते.

आणखी एक गोष्ट. पाऊस ओसरला म्हणजे धोका टळला, असं होत नाही. वरच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालून सावकाश भिंतीपर्यंत येत राहतं. चिकण माती असेल तर भिंतीवरचा सगळ्यात मोठा ताण सर थांबून काही तास झाल्यावरही येऊ शकतो.

शनिवार, 29 जून, पहाटे पावणेदोनच्या सुमारास

भिंत कोसळली. माती, दगड आणि वर उभ्या असलेल्या गाड्या खालच्या खोल्यांवर आल्या. 15 जण मरण पावले, त्यात 4 मुलं. बहुतेक कुटुंबं बिहारची, पुण्यात इमारती बांधायला आलेली. अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल सकाळपर्यंत ढिगारा उपसत होतं.

मुंबईतल्या मालाडच्या भिंतीला अजून सुमारे 71 तास बाकी.

शनिवार सकाळ

चौकशीचे आदेश निघाले, गुन्हे दाखल झाले, भिंतीची तांत्रिक तपासणी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे गेली. रहिवाशांनी भिंतीबद्दल आधीच तक्रार केली होती, असंही त्या दिवसांत बातम्यांत आलं. त्यातलं कोण किती दोषी हे ठरवायला न्यायालय आहे. घरमालकाला यातून उचलायची गोष्ट वेगळी आहे.

भिंतीचे शत्रू दोन बाजूंनी येतात. मागून पाणी येतं आणि पुढून कुदळ. भिंतीच्या पायथ्याशी, खालच्या अंगाला जी माती असते, ती भिंतीला पुढे सरकू देत नाही. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदाई सुरू झाली आणि तिथली माती उचलली गेली, की मागचा रेटा तेवढाच राहतो पण पुढचा आधार जातो. म्हणून शेजारी जेसीबी उभा राहिला त्याच दिवशी सोसायटीने स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा आणि खोदाईच्या कडेला आधार देण्याचा आराखडा शेजाऱ्याकडे लेखी मागावा. खड्डा अर्धा खोदून झाल्यावर पाठवलेल्या पत्राचा उपयोग फक्त नंतरच्या चौकशीत होतो.

रविवार, 30 जून. सुमारे 40 तास बाकी

सुट्टीचा दिवस. कोंढव्याचे फोटो पाहून आपापल्या सोसायटीची भिंत तपासायला जाण्याचा हा दिवस होता. त्या तपासणीत काय पाहायचं आणि नवी भिंत बांधून घेताना काय मागायचं, ते इथेच सांगतो.

पहिला प्रश्न, ती माती अडवायला बांधलेली भिंत आहे का, हाच. कितीतरी ठिकाणी विटांची नऊ इंची कंपाउंड वॉल असते. ती बांधली तेव्हा दोन्ही बाजूंची जमीन एका पातळीत होती. मग कुणीतरी बागेसाठी, पार्किंगसाठी आत भराव टाकला आणि वाऱ्यापुरती उभी केलेली भिंत टनावारी माती अडवू लागली. अशा भिंतीला डागडुजी पुरत नाही. भराव उतरवायचा किंवा नवी भिंत बांधायची, एवढेच पर्याय उरतात.

नवी बांधायची असेल तर सुरुवात कागदावर होते. चांगला इंजिनिअर आधी खड्डा खणून माती पाहतो. काळी माती लागली तर तो तोंड वाकडं करतो, कारण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मग तो आकडे मांडतो: भिंत उलथण्याविरुद्ध निदान दुप्पट आणि सरकण्याविरुद्ध दीडपट सुरक्षितता. हे आकडे मालकाने विचारावेत. डोंगराळ भागातल्या अशा भिंतींसाठी भारतीय मानक 14458 आहे, आरसीसीसाठी 456 आहे, आणि जो माणूस ‘आमचं काम पाहा, कागद कशाला’ म्हणतो त्याच्या हाती दहा फुटांची भिंत देऊ नये. आराखड्यावर इंजिनिअरची सही हवी. पाण्याने भिजलेली माती आणि वरच्या गाड्या हिशेबात धरल्या आहेत का, हे तिथे लिहिलेलं हवं.

खालचा पाया पाहून बहुतेक मालक दचकतात. आरसीसीच्या भिंतीची तळाची रुंदी बऱ्याचदा उंचीच्या निम्म्याहून जास्त असते आणि त्यातला मोठा भाग मातीखाली, आपल्याच अंगणात शिरतो. ती उधळपट्टी नाही. त्या तळपट्टीवर बसलेली मातीच आपल्या वजनाने भिंतीला धरून ठेवते. ती रुंदी वाचवली की भिंतीची पकड गेली. सळ्यांचंही तसंच. उभ्या भिंतीत मुख्य सळ्या मातीच्या बाजूला असायला हव्यात, कारण ताण तिकडे पडतो. त्या चुकून बाहेरच्या बाजूला बांधल्या गेल्या तर भिंतीतलं लोखंड तेवढंच राहतं आणि ताकद मात्र नावापुरती. काँक्रीट ओतायच्या आधी इंजिनिअर स्वतः साइटवर येऊन सळ्या पाहतो की नाही, यावरून कामाची पारख होते.

आता पाणी. भिंतीचं काम माती अडवायचं असतं; पाण्याला तिने वाट द्यायची असते. कोकणातल्या जुन्या गडग्यांना हे बांधणीतच साधलेलं आहे. चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांमधून पाणी आपोआप झिरपून जातं. काँक्रीटच्या भिंतीत ही वाट मुद्दाम करावी लागते. समोरून दिसणारी भोकं, ज्यांना मिस्त्री वीप होल म्हणतात, ही त्या वाटेची फक्त तोंडं. साधारण तीन-चार इंच व्यासाची, मीटर-दीड मीटर अंतराने, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली. पण त्यांच्यामागे थेट माती लोटली तर पहिल्याच पावसाळ्यात ती चिखलाने भरतात. भोकांमागे फूटभर जाडीचा खडीचा थर हवा. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड हवं, म्हणजे पाणी पलीकडे जातं आणि गाळ अलीकडे राहतो. तळाला भोकांचा पाइप उतार देऊन टाकलेला हवा आणि तो कुठल्यातरी गटारात उघडा निघालेला हवा. भराव मुरमाचा, थराथराने टाकून धुम्मसाने किंवा छोट्या रोलरने दाबलेला. बांधकामाचा राडारोडा आणि पायातून निघालेली काळी माती यांनी भरलेली पोकळी नको. सगळ्यात वर, भिंतीच्या माथ्यामागे, पावसाचं पाणी आत शिरण्याआधीच उचलून नेणारी पक्की गटार.

यातलं जवळजवळ काहीही काम संपल्यावर दिसत नाही. मालकाने पैसे ज्या गोष्टीसाठी मोजले ती जमिनीखाली जाते आणि वर उरते गिलावा केलेली, रंगवलेली एक बाजू. म्हणून माझा आग्रह आहे की भराव टाकण्याच्या दिवशी मालकाने सुट्टी काढून तिथे उभं राहावं. खडी, कापड आणि पाइप यांचे फोटो काढावेत, ते आराखड्याबरोबर फाइलला लावावेत आणि त्या टप्प्याच्या बिलाचा हप्ता हे पाहिल्यावरच द्यावा. सोसायटी असेल तर ती फाइल समिती बदलली तरी हस्तांतरित व्हावी. दहा वर्षांनी कुणी विचारलं की या भिंतीमागे काय आहे, तर उत्तर मिळालं पाहिजे.

उभ्या असलेल्या भिंतीची परीक्षा पावसातच होते. धो धो पाऊस चालू आहे आणि भोकांतून पाणी येतंय, मग ठीक. पाणी गढूळ येतंय, मग आतली माती वाहून चालली आहे. आणि एवढ्या पावसात भोकं कोरडी ठणठणीत असतील, तर ती सगळ्यात वाईट खूण. पाणी आत आहे आणि त्याला वाट नाही. रहिवाशांना नेमकी हीच खूण दिलासा वाटते, ‘बघा, जराही ओल नाही.’

सोमवार, 1 जुलै. 12 तासांहून कमी

मुंबईत सकाळपासून रुळांवर पाणी, लोकल खोळंबलेल्या. संध्याकाळनंतर जोर आणखी वाढला.

भिंत पडण्याआधी बऱ्याचदा बोलते. माथ्यामागच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडते. तिथली फरशी खचते. भिंतीचा मधला भाग पोट काढल्यासारखा पुढे येतो, किंवा ओळंबा धरला तर माथा बाहेर झुकलेला दिसतो. दोन भागांच्या सांध्यात एक बाजू पुढे आणि एक मागे होते. काल नव्हतं ते आज दिसतंय, हा फरक महत्त्वाचा. जुनी केसाएवढी चीर वर्षानुवर्षं तशीच असेल तर तिच्यावर तारीख लिहून लक्ष ठेवता येतं. एका रात्रीत बोटभर झालेली भेग वाट पाहू देत नाही. तेव्हा माणसं हलवायची, वरच्या गाड्या काढायच्या, माथ्यावरचं पाणी दुसरीकडे वळवायचं आणि पालिकेला कळवायचं. माणसं आधी, हा क्रम बदलायचा नाही. बंद भोकं पहारीने उघडायला भर पावसात कुणीही भिंतीखाली जायचं नाही.

सोमवार रात्र, साडेअकराच्या पुढेमागे. आंबेगाव, पुणे

एका शिक्षणसंकुलाची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. 6 मृत्यू. कोंढव्याला अजून तीन दिवस पूर्ण झाले नव्हते. शहर तेच, भिंतीखालच्या पत्र्याच्या खोल्या त्याच.

मंगळवार, 2 जुलै, मध्यरात्रीनंतर. कल्याण

एका शाळेची भिंत लगतच्या घरांवर. 3 मृत्यू.

मंगळवार, 2 जुलै, साडेबारा ते एकच्या दरम्यान. मालाड पूर्व

कुरार गावाच्या मागे, डोंगरावर, महापालिकेचा जलाशय. त्याच्याभोवती काही वर्षांपूर्वीच बांधलेली भिंत. खालच्या उतारावर पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगर. डोंगरावरून उतरणारं पाणी भिंतीमागे साचत गेलं आणि भिंत एकदम फुटली. माती अडवणारी भिंत पडते तेव्हा ढिगारा पायथ्याशी थांबण्याची काही शक्यता असते. पाणी अडवून बसलेली भिंत फुटली की लाट सुटते. खालची घरं त्या लोंढ्याने वाहून नेली. वस्तीच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की यंत्रं आत जाऊ शकली नाहीत, ढिगारा हातांनी उपसावा लागला. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा 18 सांगितला गेला. जखमी दगावत गेले तसा तो पुढे तिसाच्या घरात पोचला.

ही घरं तिथे का होती, याचंही उत्तर जुनं आहे. डोंगराला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनीवरच्या वस्त्यांचं पुनर्वसन करा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश 1997 सालचा; 2019 सालीही ही घरं तिथेच होती.

ओढ्याच्या, नैसर्गिक घळीच्या तोंडावर भिंत आडवी घालायची असेल तर चार इंची भोकं पुरत नाहीत. डोंगरावरून किती पाणी येईल याचा हिशेब करून त्याला पूर्ण वाट, मोरी, ठेवावी लागते. घर कितीही छोटं असो, प्लॉटच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात वाहणारी वाट आहे का, हे जानेवारीतल्या कोरड्या जमिनीवरून कळत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. त्याने ते पाणी पाहिलेलं असतं.

मंगळवार सकाळी साडेआठ

सांताक्रूझला 24 तासांत 375.2 मिलिमीटर पावसाची नोंद. राज्य सरकारने मुंबईत सुट्टी जाहीर केली.

त्या दिवसापासून ‘विक्रमी पाऊस’ हे शब्द प्रत्येक खुलाशात आले. पाऊस खरंच प्रचंड होता. पण याच सांताक्रूझने 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला होता, आणि सह्याद्रीच्या अंगाला राहणाऱ्या कुणालाही तीनशे मिलिमीटरचा दिवस नवा नाही. शिवाय नीट निचरा असलेल्या भिंतीमागे पाणी साठूच नये, अशी रचना असते. पाऊस वाढला तर भोकांतून धार मोठी येते, रेटा त्या प्रमाणात वाढत नाही. मुसळधार पावसात उभी राहणं हे अशा भिंतीचं नेहमीचं काम आहे. उन्हाळ्यात कुठलीही भिंत उभी राहते.

चारही ठिकाणी भिंत एकाची आणि मरणारे दुसरे. कोंढव्यात वरच्या रहिवाशांच्या गाड्या खाली आल्या; माणसं गेली ती खाली झोपलेल्या मजुरांची. आंबेगावात संस्थेची भिंत, मजुरांच्या झोपड्या. मालाडला पालिकेची भिंत, वस्तीतली घरं. म्हणून घरमालकाने भिंतीला फक्त आपल्या अंगणाची कड समजणं मला मान्य नाही. तिची पडायची दिशा नेहमी दुसऱ्याच्या घराकडे असते आणि त्या दुसऱ्याला आराखडा पाहायची, खडी मोजायची, इंजिनिअर बोलवायची सोय नसते.

तेव्हा ज्यांच्या ताब्यात अशी भिंत आहे त्यांनी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये भोकं साफ करून घ्यावीत, माथ्यावरची गटार उपसावी, फटी बुजवाव्यात आणि इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्यावा. मग पायऱ्या उतरून खालच्या बाजूला जावं. तिथे भिंतीच्या उंचीच्या दुपटीएवढ्या अंतरात कुणी राहत असेल, तर ठेकेदाराशी, शेजाऱ्याशी, पालिकेशी बोलून त्या कुटुंबांना पहिल्या पावसाआधी दुसरी जागा मिळवून द्यावी. ती जागा सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मिळत असेल तर तिथे. तिचं भाडं कुणी भरायचं, यावरचा वाद ऑक्टोबरात घालता येईल.